‘सोडा ना जी’ म्हणायचं नाही

बाईंची आणि माझी ओळख झाली तेव्हा माझी वेणी त्यांच्या मुठीत होती.

आई शेजारीच उभी होती. दहावीची परीक्षा संपल्यावर तिनेच मला तिथे नेलं होतं. आर्वीच्या मुख्य रस्त्यावर गाद्यांचं एक जुनं दुकान आहे, त्याच्या मागच्या गोदामावर पेंटरने रंगवलेली पाटी होती, ‘मुलींसाठी स्वसंरक्षण वर्ग’. आईच्या डोळ्यांपुढे पांढरा पोशाख, कमरेला रंगीत पट्टा, शिस्तीत रांगा असं काहीतरी होतं. समोर आली ती पन्नाशीकडे झुकलेली एक ठेंगणी बाई. सुती साडी गुडघ्यापर्यंत वर खोचलेली आणि खाली निळी ट्रॅकपँट. नमस्कार नाही, या-बसा नाही. त्यांनी माझी वेणी धरली आणि अशी ओढली की मान मागे जाऊन मला छताचे पत्रे दिसले.

“बाई, दुखून राह्यलं,” मी म्हणाले. “सोडा ना जी.”

“पाहा,” त्या आईला म्हणाल्या, “मी इची वेणी उपटून राह्यली, अन् हे पोट्टी मले ‘जी’ लावून राह्यली.”

आई इतकी हबकली की वर्गाची वेळसुद्धा विचारायची विसरली. मला तर रडूच आलं. आमच्याकडे मोठ्या माणसाशी बोलताना ‘जी’शिवाय वाक्य संपत नाही. हो जी, नाही जी, बसा ना जी, ‘का’ विचारायचं तरी काऊन जी. ते मुद्दाम लावावं लागत नाही, आपोआप लागतं. बाईंचं म्हणणं, जो अंगाला हात लावतो त्याच्यासाठी ते लागता कामा नये. आणि पहिला अख्खा तास त्यांनी मला एकच शब्द शिकवला. त्या मनगट धरायच्या आणि मी म्हणायचं, “सोड.” माझ्या तोंडातून ‘सोड’ निघेना. ‘सोडा’ निघायचं, ‘सोडा ना’ निघायचं, एकदा तर ‘सोडता का’ निघालं. आईच्या वयाच्या बाईला एकेरीत बोलायचं म्हणजे काय, विचार करा. शेवटी निघालं ते इतकं बारीक की बाईंनी कान पुढे केला आणि म्हणाल्या, “हे तू मले म्हनून राह्यली का देवाले?”

मारामारी शिकायला आलेल्या मुलींना त्या महिनाभर मारू देत नसत. आधी आवाज, मग उभं राहणं, मग पडणं. पडण्याचं त्यांना फार प्रेम. कॉलेजात त्या ज्युदो खेळायच्या, पुढे लग्न होऊन गाद्यांच्या घरात आल्या, आणि हे स्थळ आपल्याला पडण्यासाठीच मिळालं असं त्या गंभीर चेहऱ्याने सांगत. हनुवटी छातीला लावायची, तळहात जोरात गादीवर आपटायचा, डोकं टेकू द्यायचं नाही. गोदामात विकायला ठेवलेल्या नव्या गाद्या त्या सरळ जमिनीवर अंथरत आणि आम्ही त्यांवर धपाधप पडत असू. संध्याकाळी त्याच गाद्या झटकून, प्लॅस्टिक चढवून पुढे दुकानात. आर्वीतल्या किती नवरानवरींचे संसार आम्ही आधी तुडवलेल्या गाद्यांवर सुरू झाले हे मला कळलं तेव्हा मी दोन दिवस कुणाच्या लग्नाला गेले नाही.

हे मला सांगितलं काकांनी, म्हणजे बाईंच्या यजमानांनी. फार गोड माणूस. दुकानाच्या गल्ल्यावर बसून ते सारखे मागे डोकावायचे आणि कळवळून म्हणायचे, “अवं, ते डबलची हाय, तिच्यावर नको ना पाडू पोरीयले. दबते ते.” बाई म्हणायच्या, “दबली त मऊ होते. गिऱ्हाईक खूश.” काका हसायचे. पोरींसाठी ते स्वतः माठ भरून ठेवायचे, कुणाला लागलं तर हळद घेऊन धावायचे. आम्हा सगळ्यांनाच काका आवडायचे. असा नवरा मिळायला नशीब लागतं, असं आम्ही वेणी घालताना एकमेकींना म्हणत असू.

नावं बाईंना लक्षात राहत नसत, किंवा ठेवायची नसत. मी किडकिडीत म्हणून ‘सिंगल’. एक धिप्पाड मुलगी होती, ती ‘लोड’. आणि सगळ्यांत लहानखुरी, गोबऱ्या गालांची, कुणी रागावलं तरी मान खाली घालून हसणारी, ती ‘उशी’. उशीचे वडील त्याच दुकानात गाद्या भरायचे. आमचा वर्ग चालायचा तेव्हा गोदामाच्या दुसऱ्या टोकाला त्यांचं काम चालू असायचं, आणि कापसाचे तंतू उडून आमच्या केसांत बसायचे. वर्ग संपवून घरी गेलं की आजी म्हणायची, आली माझी म्हातारी.

बाई घरी अभ्यास द्यायच्या, तोही विचित्र. “आज कोनाले तरी ‘नाई’ म्हनून या. कारन सांगाचं नाई. नुसतं नाई.” लोडने आत्याला चहा नको म्हटलं, आत्या अजून तिच्याशी नीट बोलत नाही. मी बाजारात पिशवीत टाकलेले पिचके टमाटे परत काढून दिले आणि “हे नाई” एवढंच म्हणाले. भाजीवालीने काही न बोलता चांगले दिले. इतकं सोपं असेल असं मला कुणी सांगितलंच नव्हतं. उशीने मात्र आठवडाभर कुणालाच नाही म्हटलं नाही. रोज येऊन ती खाली बघून हसायची. बाई तिच्यावर चिडत नसत, ही एक नवलाची गोष्ट. “इचं आत मुरून राह्यलं,” एवढंच म्हणायच्या.

आईने मला वर्गात घातलं त्याला एक कारण होतं. अकरावीच्या ट्यूशनहून येताना एक मुलगा रोज माझ्या मागे यायचा. मी हे बाईंना सांगितलं. मला वाटलं, आता एखादा डाव शिकवतील. त्या म्हणाल्या, “थांब, वळ अन् विचार त्याले, काऊन?” दुसऱ्या दिवशी मी थांबले, वळले आणि गोदामातल्या आवाजात विचारलं, “काऊन?” मुलगा सायकलवरून पडता पडता वाचला. तो आमच्याच गल्लीत, आमच्यापासून चौथ्या घरात नवीन राहायला आला होता. त्याला तोच रस्ता होता. मी लाजेने मेले. बाई पोट धरून हसल्या आणि मग एकदम गंभीर होऊन म्हणाल्या, “विचारलं म्हनून समजलं. नाई त दोन वर्सं भेली असती.”

आणि एकदा खरंच वेळ आली. वर्ध्याला जाणारी एसटी, दुपार, उभं राहायलाही जागा नाही. मागचा माणूस गर्दीच्या नावाने अंगावर रेलत होता. मी पुढे सरकले की तोही सरकायचा. वडिलांपेक्षा मोठा असेल, पांढरे कपडे, कपाळाला गंध. माझ्या तोंडात ‘काका, सरका ना जी’ तयार होतं, अगदी ओठांवर. आणि निघालं ते “सरक.” पोटातून, मोठ्याने. अख्खी बस वळली. माझा आवाज ऐकून सगळ्यांत जास्त मीच दचकले. तो माणूस काहीतरी पुटपुटत पार दारापर्यंत गेला, कंडक्टरने मला स्वतःची जागा दिली. त्या आवाजात भीती नव्हती. काय होतं ते मला आजही नीट सांगता येत नाही. आता मी वर्ध्याला औषधांच्या दुकानात काम करते, दिवसभर नाना तऱ्हेच्या लोकांशी बोलते, आणि माझा आवाज कुठे ठेवायचा हे मला कळतं. ते त्या बसमध्ये कळलं.

इतकं सांगितल्यावर कुणालाही वाटेल की या बाई कुणालाच भीत नसतील. मलाही वाटायचं. म्हणून पहिल्यांदा मोठे मालक गोदामात आले तेव्हा मी जे पाहिलं त्यावर माझा विश्वास बसेना.

मोठे मालक म्हणजे काकांचे थोरले भाऊ, बाईंचे भासरे. दुकान, गोदाम, राहतं घर, सगळं त्यांच्या नावावर. गावात मोठा मान. देवळाच्या कामात पुढे, लग्न जुळवण्यात पुढे, भांडण मिटवायलाही लोक त्यांच्याकडेच जात. त्यांची चप्पल दारात वाजली आणि बाईंनी खोचलेली साडी झटक्यात खाली सोडली, पदर कपाळापर्यंत ओढला आणि गाद्यांच्या थप्पीमागे भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. आम्ही मुली मध्येच हात वर करून तशाच उभ्या. भासऱ्यांपुढे डोक्यावर पदर घ्यायचा, त्यांच्याशी थेट बोलायचं नाही, ही जुनी रीत आमच्याकडे काही घरांत अजून आहे, हे मला माहीत होतं. पण बाईंच्या घरात? त्यांना काही सांगायचं झालं तर त्या दाराच्या चौकटीला सांगत. “चहा झाला म्हना.” चौकट काही बोलायची नाही, मोठे मालक उठायचे.

लोडने एकदा न राहवून विचारलं, “बाई, तुमी त्यायले काऊन भेता?”

“भेत नाई,” बाई म्हणाल्या. “बोलत नाई.”

आम्ही हसलो. आम्हाला तो बाईंचा आणखी एक विक्षिप्तपणा वाटला.

उन्हाळी वर्ग संपला तेव्हा गोदामातच छोटा कार्यक्रम ठेवला. सगळ्यांचे आईवडील आले. आम्ही पडून दाखवलं, मनगट सोडवून दाखवलं, टाळ्या झाल्या. बक्षीस म्हणून प्रत्येकीला दुकानातली एक छोटी उशी, आणि देणार अर्थातच मोठे मालक. काका माइकवर नावं पुकारत होते. एकेक मुलगी पुढे जायची, पाया पडायची, उशी घ्यायची, मालकांशेजारी उभी राहून फोटो काढून घ्यायची. बाई मागे भिंतीशी, पदर घेऊन.

आमच्या उशीची पाळी आली. फोटोसाठी मालकांनी तिच्या पाठीवर हात ठेवला. फोटो निघाला. हात निघाला नाही. ती थोडी बाजूला सरकली, हातही तिच्याबरोबर सरकला. मी पहिल्या रांगेत होते, मला सगळं दिसत होतं. मालकांचा चेहरा लोकांकडे, हसरा. उशीने मान वर केली. मी तिची मान वर झालेली त्याआधी पाहिली नव्हती.

“हात काढ,” ती म्हणाली.

माइक नव्हता तिच्यापुढे. गरजही नव्हती. पार दुकानाच्या पायरीपर्यंत ऐकू गेलं.

मालकांनी हात काढला. आणि मला माझ्यामागून एका बाईचा आवाज ऐकू आला, “काढ? मालकाले काढ म्हनते ते?” मग दुसरीकडून, “एकेरी बोलली पाहा.” मग सगळीकडून तेच. मी वळून वळून लोकांची तोंडं पाहत होते. एकाही माणसाने विचारलं नाही की हात कुठे होता. सगळ्या गावाला ऐकू आला तो फक्त क्रियापदाचा शेवट. त्या रात्री जेवताना माझे वडील म्हणाले, “पोरगीचं खरं असन बी. पण ‘काढा’ म्हन्याले काय जाते?” माझे वडील चांगले गृहस्थ आहेत. म्हणूनच मी ताटावरून उठले.

दोन दिवसांनी निरोप फिरला. रविवारी सकाळी गोदामात बैठक. उशीने सगळ्यांसमोर मोठ्या मालकांची माफी मागायची. नाही मागितली तर तिच्या वडिलांना काम नाही, आणि वर्गाला गोदाम नाही.

सगळे आले होते. मोठे मालक मधल्या नव्या गादीवर, प्लॅस्टिक न काढलेल्या. शेजारी काका, चेहरा उतरलेला. समोर उशी, आणि तिचे वडील हात जोडून. त्यांच्या भुवयांवर कापूस होता, कामावरूनच उठून आले असावेत. “मालक, पोरगी नासमज हाय,” ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. “ते माफी मागते. माग वं माय. माग.” उशी उभी होती. तिचा खालचा ओठ हलत होता. मला वाटलं, आता मागेल. खरं सांगते, मला वाटलं मागावी. तिच्या वडिलांकडे बघवत नव्हतं.

तेवढ्यात भिंतीजवळून बाई पुढे आल्या. पदर कपाळावर होताच. त्या उशीच्या वडिलांकडे बघून बोलल्या. “भाऊ, तुमची पोरगी चुकली.”

मला चपराक बसल्यासारखं झालं. लोडने माझा दंड इतक्या जोरात धरला की वळ उठला.

“मोठ्या मानसाले असं बोलत नाई,” बाई सांगत होत्या, हळू, समजावून. “ ‘हात काढा जी’ म्हनाचं. मानानं.”

मोठ्या मालकांनी मान डोलावली. लोक सैल झाले, कुणीतरी खाकरलं, आता चहा येणार असं वातावरण झालं. आणि बाईंनी डोक्यावरचा पदर मागे टाकला. त्यांचे केस पिकलेले होते, हे मोठ्या मालकांनी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं असेल. त्या वळल्या आणि सरळ त्यांच्या डोळ्यांत बघून बोलल्या.

“मी तसंच म्हटलं होतं. लग्न होऊन आली त्याच साली, याच गोदामात. ‘हात काढा जी.’ लय मानानं म्हटलं होतं मी. तू काढला नाई.”

मोठे मालक काकांकडे बघून म्हणाले, “काय बोलून राह्यली हे? सांग तिले काही.” अजूनही ते बाईंशी बोलत नव्हते, काकांशीच बोलत होते. काका बाईंकडे पाहत होते. मग मालक उठले, चप्पल पायात सरकवली आणि निघाले, आणि जाताना त्यांच्याबरोबर एकही माणूस उठला नाही. तसं त्या गावात कधी झालं नव्हतं. उशीच्या वडिलांनी जोडलेले हात सोडले. पोरीच्या खांद्यावर हात टाकला आणि म्हणाले, “चाल घरी.” माफीचा शब्द पुन्हा कुणी काढला नाही. दुसऱ्या दिवसापासून ते त्या दुकानात कामाला गेले नाहीत. कुणी काढलं नव्हतं, तेच गेले नाहीत.

लोक मला विचारतात, बाई आर्वी सोडून इथे वर्ध्याजवळ सिंदी मेघेला का आल्या? दोन खोल्यांत एकट्या राहतात, कुणाच्या तरी गच्चीवर सतरंज्या टाकून मुलींना पडायला शिकवतात, काकांसारखा देवमाणूस का सोडला? भासऱ्यांमुळे, असंच सगळे धरून चालतात. मी त्या सकाळी शेवटपर्यंत तिथे होते, म्हणून मला माहीत आहे.

गोदाम रिकामं होत होतं. मी आणि लोड गाद्या उचलत होतो, कारण हातांना काहीतरी काम हवं होतं. काका उठून बाईंजवळ आले. त्यांचे डोळे भरले होते. ते नाटक करत नव्हते, हे मी शपथेवर सांगेन. त्यांना खरंच काही आठवत नव्हतं, आणि मला सगळ्यांत मोठा धक्का बसला तो त्याचाच.

“मले काऊन नाई सांगतलं तू?” काका म्हणाले. “एक डाव तरी मले सांगाचं होतं.”

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. आवाजात राग नव्हता.

“सांगतलं होतं ना जी. त्याच दिवशी, सैपाकघरात,” त्या म्हणाल्या. “तुमी म्हटलं, हळू बोल, दादा जेवून राह्यले.”